मधल्या दाराची कडी

गावाच्या वेशीवर टॉवर उभा राहिला तेव्हा सगळे खूश झाले. मी झाले नाही. तेव्हा हे कोणाला सांगितलं नाही. मनातलं बोलून दाखवायची मला सवय नाही, आणि बोलले असते तर घरातल्यांनी "तुले काय समजस" म्हणून विषय संपवला असता. म्हणून आता लिहिते. माझी शाळा रनाळ्याला माहेरी चौथीत सुटली, त्यामुळे हात हळू चालतो. पण लिहिताना मध्येच कोणी तोडत नाही, हे बरं असतं.

आमचं गाव शहाद्याहून ब्राह्मणपुरीकडे जाताना लागतं. टॉवर येण्याआधी फोनला नेट फक्त गच्चीवर मिळायचं, तेही पाण्याच्या टाकीजवळ. माझ्या मुलीचा वर्ग तिथेच भरायचा. पपईच्या रोपांना ऊन लागू नये म्हणून घालतात ती हिरवी जाळी तिच्या बापाने बांबूंवर ताणून दिली होती. तिच्याखाली पाट टाकून ती बसायची आणि फोन टाकीला टेकवून ठेवायची. मी कपडे वाळत घालायला जायचे तेव्हा फोनमधले सर दिसायचे. बोलता बोलता ते एकदम थांबायचे, तोंड उघडं, एक हात वर. किती तरी वेळ तसेच. मुलगी वैतागायची. मला मात्र ते बरं वाटायचं. ते अडकलेत म्हणजे त्यांनाही इकडचं काही दिसत नसणार.

टॉवर आल्यावर सर अडकायचे थांबले. आता नेट मधल्या घरातही येऊ लागलं, आणि मुलगी पाट, फोन, पुस्तकं घेऊन खाली आली. घरातल्यांना वाटलं, बरं झालं, पोरगी उन्हातून सावलीत आली. मला वाटलं, इतके दिवस परका माणूस गच्चीवर होता, आता तो थेट मधल्या घरात येऊन बसला. आणि तो जेवढा स्पष्ट दिसू लागला, तेवढेच आपणही त्याला दिसत असणार.

आमच्या घरात सून सासऱ्यांसमोर पदर नाकापर्यंत ओढून घेते आणि त्यांच्याशी तोंडाने बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. स्वयंपाकघर आणि मधलं घर यांच्यामध्ये जे दार आहे, त्याला लोखंडी कडी आहे. सासरे पुढच्या ओट्यावर बसलेले असतात. कडी एकदा वाजवली की चहा झाला. दोनदा वाजवली की ताट वाढलंय. सारखी खुळखुळ केली की कोणीतरी आलंय, लवकर या. बाकी काही सांगायचं असेल तर पोरांच्या तोंडून. सासूबाई गेल्या, पोरं मोठी झाली, पण कडी तशीच राहिली. सासरेही मला काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगतात, "आज भाजीमा मीठ कमी शे," आणि मी ते ऐकते.

असं घर. त्यात फोन आला. त्यातले सर दिसले की माझा हात आपोआप पदराकडे जायचा. मी पदर ओढून, भिंतीला लागून, मधल्या घरातून पलीकडे जायचे.

मुलगी हसायची. "आई, हाई रेकॉर्डिंग शे. त्या सरले तू नही दिसत."

"मंग तो मन्हाकडे कसाले देखी ऱ्हायना?"

"तो कॅमेराकडे देखस, आई."

"तेच तं सांगी ऱ्हायनी मी."

काही वर्ग आधीच भरून ठेवलेले असतात आणि काही त्या वेळी चालू असतात, हे तिने मला पुन्हा पुन्हा समजावलं. पण कुठला कुठला हे पाहून कळत नाही. दोन्हींत तेच सर, तोच सदरा. मग मी सगळ्यांसमोरच पदर घेत राहिले. वर्ग संपला की फोन पालथा घालून त्यावर रुमाल टाकायचे. ती म्हणायची की बंद केलेला फोन पाहत नाही. पण बंद असलेला फोन एकदम वाजायला लागतो, हे मी रोज पाहत होते. जो बंद असताना बोलतो, तो बंद असताना पाहत नसेल कशावरून?

आणखी एक गोष्ट मला खटकायची. सरांच्या मागे त्यांचं घर कधीच दिसायचं नाही. सगळं धूसर, जसं थंडीत तापीकाठी सकाळी असतं. मुलगी म्हणाली, ते तसं करता येतं. म्हणजे आमची भिंत, आमचा देव्हारा, खुंटीवरचे कपडे त्यांना दिसणार आणि ते स्वतः धुक्यात बसणार. ज्याला लपवायचं काही नाही, तो असं कशाला करेल?

शेजारच्या काकूंनी यात तेल ओतलं. दुपारी ताक मागायला आल्या आणि दारातून मान आत घालून म्हणाल्या, "पोर दिनभर कोनासंगे बोलस व?"

"मास्तरसंगे."

"मास्तर इतला हासाडस का?"

मी ताक दिलं. पण त्या दिवसापासून मी धान्य निवडायला मधल्या घरातच बसू लागले. फोनच्या मागे, म्हणजे मी त्यात दिसू नये आणि मुलगी मला दिसावी. ती हसली की मी सूप थांबवायचे. ती सुपाकडे पाहायची, मग माझ्याकडे. दोघींनाही कळत होतं.

हे वर्ग रक्त तपासायच्या लॅबमधल्या कामाचे होते, मुलीला ते शिकायचं होतं. शहरातली एक संस्था वर्षभर फोनवरून शिकवणार, शेवटी फोनवरच परीक्षा घेणार आणि पास झालेल्यांना पुढच्या शिक्षणासाठी आपल्याकडे बोलावणार, असं होतं. शहर म्हटल्यावर सासरे नको म्हणाले होते. मग घरी बसून शिकायचं आहे म्हटल्यावर मान हलवली. ओट्यावरून, भिंतीकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरमा बसीन शिकस तं शिकू द्या. परीक्षामा पास व्हयनी तं धाडू. नही व्हयनी तं आखाजीनंतर पाव्हना बलाई लिऊ."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आणि पाहुणे म्हणजे मुलगी पाहायला येणारे. तिच्या बापाने होकार दिला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पदराआड होते.

खरं लिहायचं तर मला दोन्हीची भीती होती. ती पास झाली तर फोनमधल्या त्या धुक्यात जाणार. नापास झाली तर माझ्यासारखी कुठल्या तरी दाराच्या कडीला हात लावून उभी राहणार. पहिल्या भीतीपेक्षा दुसरी मोठी होती. पण हे मला परीक्षेच्या दिवसापर्यंत नीट कळलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मुलीने सगळ्यांना नियम सांगितले. ती असेल त्या खोलीत दुसरं कोणी नको. दोन्ही दारं बंद हवीत. सुरुवातीला फोन फिरवून सगळी खोली दाखवावी लागणार, पाटाखालची जागासुद्धा. परीक्षा संपेपर्यंत तिकडून एक माणूस तिच्यावर नजर ठेवणार. कोणाचा आवाज आला तर परीक्षा रद्द.

"आई, तू तं एक शब्द बी बोलानं नही."

"मी कवय बोलस?" मी म्हटलं. यावर तिचा बाप हसला.

त्याने सासऱ्यांनाही सांगून ठेवलं की उद्या मधल्या घरातून यायचं नाही, बोळातून फिरून परसाच्या दाराने स्वयंपाकघरात यायचं.

सकाळी मुलीने केस घट्ट बांधले, देवाला नमस्कार केला आणि आत बसली. पुढचं दार लावलं, माझ्या बाजूचंही लावलं. तिचा बाप केळीच्या बागेत निघून गेला. दाराच्या फटीतून मला कोण्या तरुण माणसाचा आवाज ऐकू आला. नेहमीचे सर नव्हते. "फोन उजवीकडे फिरवा. वर. आता खाली. ते गाठोडं कसलं आहे?" गोधड्यांचं गाठोडं होतं. तिला ते सोडून दाखवायला लावलं. मला राग आला. आमच्या गोधड्या कोणी अशा सोडून पाहिल्या नव्हत्या, सोयरिकीला आलेल्या लोकांनीही नाही.

मग सगळं शांत झालं. मी चूल पेटवली, आवाज होऊ नये म्हणून भांडी एकेक करून फडक्यावर ठेवली. मिक्सर लावला नाही, चटणी पाट्यावरही वाटली नाही. फोडणी घालताना कढईवर झाकण धरलं. खोकला आला तर परसात जाऊन खोकले. एक शब्द बोलले नाही.

चहा झाला तेव्हा कडी एकदा वाजवली. सासरे बोळातून आले, चहा घेऊन गेले. नंतर ताट वाढलं तेव्हा दोनदा वाजवली. आले, जेवले, हात धुऊन परत ओट्यावर गेले. मग दूधवाला परसाच्या दाराशी हिशेबासाठी उभा राहिला, तेव्हा कडी खुळखुळवली.

कडी वाजवणं म्हणजे आवाज करणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आवाज म्हणजे बोलणं, भांडं पडणं, खोकला. कडी मी लग्नापासून वाजवत होते, ती माझ्या कानांना ऐकूच येत नव्हती.

दूधवाला गेला आणि दाराआडून त्या माणसाचा आवाज आला. "थांबा. तुमच्याकडे हे कोण वाजवतंय?"

मुलगी म्हणाली, "सर, कडी आहे दाराची."

"ते कळलं. आधी एकदा वाजली. मग दोनदा. आता बऱ्याच वेळा. प्रश्नाला चार पर्याय आहेत. कोण आहे दारामागे?"

"माझी आई आहे, सर."

"त्या काय शिकल्यात?"

"चौथी."

फोनमधून कसलीशी टकटक ऐकू आली. मग तो म्हणाला, "असं सगळेच सांगतात. दार उघडा, त्यांना समोर आणा. नाहीतर मला परीक्षा थांबवावी लागेल."

मी चुलीपाशी होते. वर्षभर मी त्या फोनवर संशय घेतला, आणि आता फोन माझ्यावर घेत होता. मी पोरीला उत्तरं सांगते म्हणे, रक्ताच्या तपासणीची, कडी वाजवून! दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलं असतं तर हसू आलं असतं.

दार उघडलं. मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, ये. सांग त्याले."

मी पदर पुढे ओढून फोनसमोर उभी राहिले. चौकोनात एक पोरसवदा माणूस होता, चष्मा, मागे धुकं. "चेहरा दिसत नाही," तो म्हणाला. "पदर मागे घ्या. कान दाखवा, दोन्ही."

कानात काही यंत्र लावलंय का, हे त्याला पाहायचं होतं, असं मुलीने नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की परका पुरुष पदर मागे घ्यायला सांगतोय आणि पुढच्या दारापलीकडे सासरे बसलेत. मी पदर तसाच धरून उभी राहिले. पडद्याच्या कोपऱ्यात वेळेचे आकडे कमी होत होते. मुलगी हुंदका दाबत म्हणाली, "आई, बोल ना व."

मी पदर मागे घेतला. केस बाजूला करून एक कान दाखवला, मग दुसरा. आरशात स्वतःला पाहते तशी मी त्या फोनमध्ये खाली एका छोट्या चौकोनात दिसले, आणि मला ते आवडलं नाही.

"आता सांगा, कडी कशासाठी वाजवत होता?"

सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. मग मी दाराशी गेले आणि कडी दोनदा वाजवली.

ओट्यावरून सासऱ्यांचा आवाज आला, बंद दारातूनही खणखणीत. "पोरी! तुन्ही मायले सांग, मी आतेच जेवी उठनू. पोट फाडस का मन्हं?"

"काय म्हणाले ते?" फोनमधल्याने विचारलं. मुलीने मराठीत सांगितलं. त्याने कपाळाला आठी घातली. "एकदा वाजवा."

मी एकदा वाजवली.

"आते च्या कसाले?" मग थोडं थांबून, "बरं, ठेव. इ ऱ्हायनू."

आणि ते खरंच आले. बोळातून चपला वाजल्या, परसाचं दार ढकललं गेलं, आणि ते स्वयंपाकघरातून थेट मधल्या दारात येऊन उभे राहिले. मला पदर ओढायला वेळच मिळाला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझा उघडा चेहरा पाहिला असेल. त्यांनी लगेच मान भिंतीकडे वळवली.

"काय व्हयनं?" ते भिंतीला म्हणाले.

मुलीने घाईघाईने सांगितलं. ती रडत होती म्हणून अर्धं त्यांना कळलं नसेल. मी वाट पाहत होते. नुसतं "बंद करा हाई" एवढं ते म्हणाले असते की सगळं संपलं असतं. परीक्षा गेली असती, आखाजीनंतर पाहुणे आले असते, आणि सासऱ्यांनी दिलेला शब्द पाळला असंच लोक म्हणाले असते. मला तर वाटलं, त्यांना हेच हवं असेल.

ते फोनच्या अगदी जवळ गेले, इतके की पलीकडे नुसतं नाक आणि मिशी दिसली असणार. "ओ साहेब, ती कडी मन्ही शे. सून मन्हासंगे तोंडे बोलत नही, म्हनीसन वाजस. एक वाजनी का च्या, दोन वाजन्यात का जेवन. पोरीले तं ती समजत बी नही. तुमनाकडे सुना बोलतस का?"

धुक्यात कुठेतरी खुर्ची करकरली. मग तो म्हणाला, "ठीक आहे. मी नोंद करतो. बाकीच्यांनी बाहेर व्हा. परीक्षा चालू ठेवा. आता आवाज नको."

"नोंद म्हंजे?" सासऱ्यांनी विचारलं.

पण तो गेला होता. चौकोनात पुन्हा प्रश्न आला होता आणि मुलगी डोळे पुसत त्यावर वाकली होती.

सासऱ्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि मधल्या दाराच्या कडीला गच्च गुंडाळला, गाठ मारली. मग दार ओढून घेतलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात राहिलो. ते परसाकडे तोंड करून बसले, मी चुलीकडे. मी खरंच चहा ठेवला. उकळल्यावर कपात गाळला आणि कप त्यांच्यापासून हातभर अंतरावर, जमिनीवर सरकवला. त्यांनी तो न बघता उचलला.

परीक्षा संपली, पण "नोंद करतो" हे माझ्या मनातून गेलं नाही. काय नोंदलं असेल? वाजवणारी बाई खोटं बोलते असं? म्हातारा सामील आहे असं? मुलगी म्हणायची, "व्हई जाई, आई," पण तिच्याही ताटात अर्धी भाकर उरायची. रुमाल कडीवर तसाच राहिला. तो सोडायचा मला अधिकार नव्हता आणि सासरे सोडत नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ टळून गेली, ताट झाकून ठेवलेलं. शेवटी मी दाराआडून म्हटलं, "ताट वाढेल शे." आवाज इतका बारीक निघाला की कोंबडीलाही ऐकू गेला नसता. ते आले. "आज भाजी बरी शे," असं भिंतीला म्हणाले.

निकाल फोनवरच आला. मुलगी पास होती. मी तिला तो दोनदा वाचायला लावला, मग स्वतः एकेक अक्षर लावून वाचला, नाव तिचंच आहे ना म्हणून. इतक्या संशयाने पाहणारे लोक इतक्या सहज पास कसं म्हणतात? सासऱ्यांनी पेढे मागवले आणि कडीवरचा आपला रुमाल सोडून खांद्यावर टाकला. मुलगी गेली त्या दिवशी शहाद्याच्या बसस्टँडवर ते सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते.

आता ती शहरात असते आणि संध्याकाळी फोनवर दिसते. सासरे ओट्यावर असतात, मी मधल्या घरात. नेट एवढं जलद आहे की तिच्या पापण्या हललेल्या दिसतात. ती हसते, फार हसते, आणि तिच्या मागे एक पांढरी भिंत असते. परवा मी विचारलं, जेवलीस का. ती बोलली नाही, चमचा घेऊन पेल्यावर दोनदा वाजवला.

"ताट दाखाड," मी म्हटलं.

"आई!"

"दाखाड. मंग फोन फिरव. सगळी खोली."

ओट्यावरून सासरे म्हणाले, "पलंगखाले बी देखी ले."

मुलीने फोन फिरवला. खरकटं ताट, पलंग, पलंगाखाली तिची बॅग, दोरीवर वाळणारे कपडे, शेवटी दार. त्या दाराला कडी नाही, आतून लावायची चिटकणी आहे. ती नीट बसली आहे का ते मला इथून दिसेना, म्हणून मी तिला फोन अजून जवळ न्यायला सांगितला.